मनकर्णाबाईंचा पहारा

भक्ती हवेत होती. पाय वर, वेणी खाली लोंबती, आणि तिच्या खाली हरिओम दोन्ही हात पसरून उभा. मनकर्णाबाईंच्या तोंडून "पांडुरंगा!" निघून गेलं आणि मांडीवरची पुस्तकांची चळत सभागृहाच्या फरशीवर घसरली.

पोरगी खाली आली ती हरिओमच्या हातात, तिथून त्याच्या पाठीवरून पलीकडे, आणि दोन्ही पायांवर उभी राहून खळखळून हसायला लागली.

"मावशी, डोळे उघडा की आता!"

"उघडेच व्हते माय. मिटले असते तर बरं झालं असतं."

सगळी पोरं हसली. सुगत सरांनी मोबाईलवरचं गाणं थांबवलं. पुण्यात शिकताना त्यांनी हा नाच उचलला होता. स्विंग म्हणत त्याला. अमेरिकेतला, शंभर वर्षांमागचा, जोडीजोडीने करायचा. पोरगा पोरीला फिरवतो, ओढतो, झेलतो. सर सेलूच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला आले आणि विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी त्यांनी हेच बसवायचं ठरवलं. गाण्यात शब्द कमी आणि पिपाण्याच फार.

"कुनाच्या लग्नातला बॅन्ड हाय हा, सर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मावशी, तुम्ही कीर्तनात पावली बघता ना? तसंच समजा."

"पावलीत कुनी कुनाला उचलून फेकीत न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पुस्तकं गोळा करायला वाकल्या.

त्या तिथल्या ग्रंथालयात परिचर. नवरा ह्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला तेव्हा त्याच्या जागी ह्यांना घेतलं. मूलबाळ नाही. दिवसभर पुस्तकांवर तारखेचे शिक्के, आणि संध्याकाळी जिथे कीर्तन असेल तिथे जाऊन बसायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. बसायचं म्हणजे मांडी घालून, खांबाला न टेकता. महाराज रडवू लागले की मोकळेपणी रडायचं, हसवू लागले की पदर तोंडाला लावून हसायचं. चांगलं कीर्तन ऐकलं की दुसऱ्या दिवशी त्यांचे शिक्केसुद्धा ठेक्यात पडत, असं ग्रंथपाल म्हणत.

अशी बाई ह्या नाचाच्या भानगडीत पडायचं कारण सरळ होतं. संघात पोरी असल्या की सोबत महिला व्यवस्थापक लागते. एका मॅडमचं बाळ लहान होतं, दुसरीच्या सासरी चालत नव्हतं, आणि तिसरीने तोंडावर सांगितलं की असल्या नाचासोबत मी येणार नाही. मग प्राचार्यांनी मनकर्णाबाईंना बोलावलं.

"बाई, तुमच्या गळ्यात माळ आहे. तुम्ही सोबत आहात म्हटल्यावर कुठलाच बाप हरकत घेणार नाही."

म्हणजे त्यांना नव्हे, माळेला बोलावलं होतं. हे त्यांना कळलं. पण साहेबाला नाही कसं म्हणायचं?

माळेची खरी गरज पडली ती भक्तीच्या घरी. उंबरवाडी पालमच्या बाजूला, सेलूहून एसटी बदलत जायचं. भक्तीचा बाप बन्सीधर अण्णा गावातला मोठा माळकरी. माघातल्या सप्त्याची सगळी उभारणी त्यांच्या अंगावर. माणूस धार्मिक, पण डोकं तापलं की हात आवरत नसे. तरणेपणी बैलाच्या पाठीत मारलेलं वखराचं लाकूड मोडलं होतं, असं गाव सांगे. पुढे माळ घातल्यावर हात शांत झाला होता. निदान दिसत तरी नव्हता.

"कसला नाच हाय म्हनता?" अण्णांनी विचारलं होतं.

"समूहनृत्य, अण्णा. सगळी लेकरं मिळून नाचतेत."

हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. दारामागे उभी असलेली भक्तीची आई, सारजाबाई, मनकर्णाबाईंकडे टक लावून बघत होती.

"तुमी सोबत हाव?" तिने विचारलं.

"पुरी जिम्मेदारी माझी. लेकीला नेते तशी माघारी आनून देते."

"मग मला कायची फिकीर?" अण्णा म्हणाले.

तो पावसाळा आणि त्यामागून आलेला हिवाळा मनकर्णाबाई जन्मात विसरणार नव्हत्या. कॉलेज सुटलं की सभागृहाच्या कडेला खुर्ची टाकून त्या बसत. आधी डोळे मिटून, मग अर्धे मिटून, मग सताड उघडून. पोरं दमली की शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी पुढे करत. भक्तीचा गुडघा सोलला तेव्हा हळद त्यांनीच दाबली, आणि हरिओमला बाजूला घेऊन दमही त्यांनीच दिला.

"लेकराला पाडशील तर याद राख."

"मावशी, मी पडंन पर तिला पडू देनार न्हाई," हरिओम म्हणाला. पिंगळीचा, अंगाने काटक, तोंडाने गरीब पोरगा. भक्तीशी नाचापुरताच बोले. मनकर्णाबाईंनी बारीक नजर ठेवली होती, आणि नजरेला खटकण्याजोगं काहीच सापडलं नव्हतं. ह्याचं त्यांनाच नवल वाटे. इतकं हातात हात घेऊन, इतकं फिरून, घामाघूम होऊन ही लेकरं एकमेकांना सोडत आणि पाण्याच्या बाटलीवरून भांडायला लागत.

महोत्सवात त्या रंगमंचाच्या कडेला पडद्यामागे उभ्या होत्या, हातात जपाची माळ. पिपाण्या चढत चढत जाऊन एकदम थांबत, त्या जागेला भक्तीची उडी होती. ती जागा जवळ आली तशी त्यांची बोटं मण्यांवर अडखळली. पोरगी वर गेली. हजारभर पोरांनी श्वास धरला. ती खाली आली, हरिओमच्या हातात, आणि मांडव फुटावा तसा आवाज झाला. पहिला नंबर आला. पेपरात फोटो आला. फोटोत पोरी एका बाजूला, पोरं एका बाजूला, मधे ढाल, आणि कोपऱ्यात पदर सावरणाऱ्या मनकर्णाबाई.

तो फोटोच घात करून गेला.

संक्रांत होऊन गेली होती. मनकर्णाबाई ग्रंथालयात शिक्के मारत होत्या, तोच दारात बन्सीधर अण्णा उभे राहिले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा पटका, कपाळाला बुक्का. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, त्याला कुंकू लावलेलं होतं, आणि तो दोन्ही हातांनी पुढे केला.

देवाचा नारळ समोर आला की मनकर्णाबाईंचे हात विचारायला थांबत नसत. त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला, पदरात ठेवला.

"झालं मग," अण्णा म्हणाले. "सप्त्यात काल्याच्या आदल्या दिशी. प्रवचन उरकलं की सांजच्या भजनाआधी. सगळ्या लेकरांनी यायचं."

"कशाला, अण्णा?"

"आवो, हजेरी नको का लावायला? आमच्या गावातलं कोनी फौजदार झालं, कोनी कुस्ती मारली, की आधी सप्त्यात देवापुढं उभं ऱ्हातंय. माझी पोर विद्यापीठात पहिली आली, पेपरात फोटो बगितला मी. तिची कला देवानं न्हाई बगायची तर कोनी?"

मनकर्णाबाईंनी शिक्का बाजूला ठेवला. नारळ पदरात होता. कीर्तनकारसुद्धा नारळ घेतला की ताप असो, वाटा बंद असोत, येतोच. घेतलेला नारळ परत करायचा म्हणजे देवाला दारातून हाकलायचं.

अण्णा खूष होते. जाता जाता थांबले. "आनि एक. तुमी कीर्तनाच्या लय वेड्या, भक्ती सांगती. आमच्यात बायाबी वीणा धरतेत. त्या सांजंला माझ्यानंतरचा पहारा तुमचा. शब्द देतो."

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, सात रात्री कोणीतरी ती गळ्यात घालून, तार छेडत, नाम घेत उभं असतं. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सेलूत बायकांच्या पहाऱ्याला विश्वस्तांच्या घरच्या बायका पुऱ्या पडत. मनकर्णाबाई खाली बसून बघत. इतकी वर्षं बघून झाली, एकदा गळ्यात पडावी, बास, एवढंच त्यांना वाटे. आणि आता ती न मागता मिळत होती, तीही अशी.

सर म्हणाले, "जायचंच नाही."

"नारळ घेतलाय मी, सर."

"मग खरं सांगा त्यांना."

"सांगितलं की माझं शिक्षण संपलं," भक्ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "परीक्षा तोंडावर हाय. अण्णा मला घरात घालून ठिवतील, अन् आखाजीच्या मुहूर्ताला कुनाच्या तरी गळ्यात बांधतील. मावशी, माझ्या पाया पडते म्हणा… माझं… तुमच्या पाया पडते."

तिला बोलणंही सुधरत नव्हतं.

शेवटी सरांनी तोड काढली. नाच तोच, पण हात धरायचा नाही. पोरं एका रांगेत, पोरी एका रांगेत, मधे चांगलं हातभर अंतर. उडीच्या जागेला भक्तीने नुसती जागच्या जागी गिरकी घ्यायची. अंगभर पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. पोरांनी तसा सराव केला. मनकर्णाबाईंनी तो डोळे पूर्ण उघडे ठेवून बघितला आणि त्यांच्या जिवात जीव आला. हे देवापुढे चालण्यासारखं होतं. तरीही त्यांनी मनाशी ठरवलं की नाचाआधी अण्णांना बाजूला घ्यायचं आणि सगळं सांगून टाकायचं. देवाच्या मांडवात अर्धं खरं नको.

त्या दिवशी त्यांनी उपास धरला. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या. जीप वाटेत पंक्चर झाली, आणि उंबरवाडीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. मारुतीच्या देवळापुढे मांडव भरलेला. मागे चुलाणावर बुंदी पडत होती, तिचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मनकर्णाबाई घाईने पुढे गेल्या, आणि थबकल्या.

अण्णा मांडवात उभे होते. गळ्यात वीणा. त्यांचा पहारा लागला होता.

वीणेकऱ्याशी बोलत नाहीत. त्याच्या तोंडात नाम सोडून दुसरं काही येऊ नये. अण्णांनी त्यांना बघितलं, मान लववली, आणि डोळ्यांनीच हसून वीणेकडे खूण केली. माझ्यानंतर तुमी. मनकर्णाबाईंना हात जोडण्यापलीकडे काही करता आलं नाही.

माईकवर अण्णांचा चुलतभाऊ गोपीचंद होता. "आता आपल्या गावची लेक, कुमारी भक्ती, आनि तिचा संघ देवापुढं हजेरी लावायलाय. बाया जरा सरकून बसा. ए पोरांनो, वायरीवर पाय दिऊ नका रे!"

गाणं लागलं. पिपाण्या वाजायला लागल्या तसे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले.

"कोन्या देवाचं गानं हाय हे?"

"इंग्रजी देव आसंल."

हशा झाला, पण चांगल्या मनाचा. देवळापुढच्या कट्ट्यावर पोरं रांगेत, पोरी रांगेत. पाय उचलत होते, टाळ्या वाजत होत्या, मधलं हातभर अंतर जसंच्या तसं. लहान लेकरं जागच्या जागी उड्या मारायला लागली. सारजाबाई बायकांत पुढे बसली होती, तिने डोळे पुसले. मनकर्णाबाई मांडवाच्या खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. जमलं.

पिपाण्या चढायला लागल्या.

पुढे कितीही विचार केला तरी मनकर्णाबाईंना एवढंच सांगता येई, की त्या दोघांनी काही ठरवलं नव्हतं. ओळखीची जागा आली, एवढंच झालं. पावसाळाभर, हिवाळाभर त्या जागेला जे अंगात मुरलं होतं ते अंगाने केलं. भक्तीने गिरकी घ्यायला पाय उचलला आणि तो पाय गिरकीचा राहिलाच नाही. ती उडाली. हवेत गेल्यावर तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा हवेतच बदलला. कट्टा अरुंद, खाली फरशी. हरिओम झेपावला. त्याने झेललं नसतं तर पोरगी डोक्यावर आली असती.

त्याने झेललं. ती त्याच्या छातीशी होती, तिचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात, आणि भीतीने ते सुटत नव्हते.

कोणीतरी वायर उपटली.

मनकर्णाबाईंच्या कानात शीळ वाजल्यासारखं झालं. एवढा भरलेला मांडव, आणि कुणाच्या तोंडातून आवाज नाही. चुलाणावरचा झारा तसाच वर राहिलेला. फक्त वीणेची तार वाजत होती, आणि अण्णांच्या तोंडातलं "रामकृष्णहरी" त्याच लयीत चालू होतं. ते चालू होतं ह्याचंच भय वाटत होतं.

"कोनाचा रे तू?" एकाने हरिओमला विचारलं. चार-सहा जण उठून कट्ट्याला भिडले होते.

"पिंगळीचा."

"पिंगळीचा कळलं. पिंगळीत कोनाचा?"

ह्या प्रश्नात गाव विचारलेलं नसतं, हे मांडवातल्या लेकरालाही ठाऊक होतं. हरिओम एक पाऊल मागे सरला. सुगत सर त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांचा चष्मा घामाने घसरत होता, तो वर करायलाही त्यांचा हात उठेना.

आणि अण्णा चालायला लागले.

माणसं बाजूला झाली. ते तार छेडत, नाम घेत, सरळ मनकर्णाबाईंपुढे येऊन उभे राहिले. पहारा देणारा आधी वाकतो. अण्णा वाकले.

"घ्या, बाई."

तार वाजत होती.

"घ्या. माझ्यानंतर तुमी. शब्द दिला व्हता."

मनकर्णाबाईंचे हात उठले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते असं समोर आलं की हात उठतातच. बोटं वीणेच्या भोपळ्याला लागली, आणि त्यांनी वर बघितलं. अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या खांद्यावरून कट्ट्याकडे बघत होते. उजव्या हाताचं बोट तारेवर हळुवार पडत होतं, आणि वीणेची दांडी धरलेल्या डाव्या हाताच्या शिरा दोरासारख्या उठल्या होत्या.

मनकर्णाबाईंनी हात मागे घेतले. लहान पोरीने लपवावेत तसे पाठीमागे धरले.

"न्हाई घेत."

बायकांत लाट आली. "वीणेला न्हाई म्हनली माय!" "पाप हाय, पाप." "म्हनलं व्हतं मी, असल्या एकट्या बाईला कशाला मान द्यायचा."

अण्णांचा आवाज पहिल्यांदा चढला. "देवाला न्हाई म्हनता?"

"देवाला न्हाई, अण्णा. तुमाला." त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येत नव्हता. "ही मी घेतली की तुमचे हात मोकळे होतेत. मोकळ्या हातानं काय करनार, ते आधी हितं देवापुढं सांगा."

"माझी पोर हाय ती."

"हाय ना. पर तुमच्या दारातून मी नेलेली हाय. अजून माघारी दिलेली न्हाई."

"तुमी म्हनलाव, सगळी लेकरं मिळून नाचतेत."

"म्हनले. अर्धंच सांगितलं. त्याची काय शिक्षा आसंल ती मला करा, चार मानसांत करा. पोरानं झेललं नसतं तर आत्ता तुमी लेकीचं डोकं मांडीवर घिऊन बसला असता. वीणा मी घेत न्हाई."

मागे सारजाबाई उठून उभी राहिली होती.

"अण्णा, आन इकडं ती," गोपीचंद माईक टाकून आला. बाह्या सारल्या, दोन्ही हात पुढे केले. "हिच्या काय तोंडी लागायलास? मी धरतो वीणा. तू बग पोरीकडं, आमी बगतो त्या पोराकडं."

अण्णांनी गोपीचंदच्या हातांकडे बघितलं. कट्ट्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसांकडे बघितलं. मग भक्तीकडे. ती आता खाली बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि दात वाजावेत तशी कापत होती. अण्णांचं बोट तारेवर पडत होतं, पडत होतं.

"दे की, अण्णा."

अण्णा वळले. गोपीचंदचे हात तसेच पुढे राहिले, आणि ते चालत चालत आपल्या जागेवर, देवाच्या तसबिरीपुढे, जाऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि घसा फाटेल अशा आवाजात नाम उचललं. "रामकृष्णहरी!"

वीणेकऱ्याने चाल उचलली की टाळकऱ्यांना मागे यावंच लागतं. न आले तर नाम एकटं पडतं. एक म्हातारा उठला, त्याने टाळ घेतले. दुसरा उठला. मृदंग मांडीवर आला. कट्ट्याला भिडलेल्यांतले दोघे टाळकरीच होते. ते एकमेकांकडे बघत राहिले, अण्णांचा आवाज आणखी चढला, तसे मान खाली घालून आपापले टाळ शोधायला गेले. उरलेल्यांना तिथे उभं राहायचं कारण सापडेना. सांजचं भजन लागलं होतं.

मनकर्णाबाई मांडवाच्या शेवटाला, चपलांच्या ढिगाजवळ बसल्या. उभ्या आयुष्यात भजन चालू असताना त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. ह्या हातांनी वीणा नाकारली. भोपळ्याचा गुळगुळीतपणा अजून बोटांना होता. आता उंबरवाडीत काय, आसपासच्या कुठल्याच गावात त्यांना कोणी वीणा देणार नव्हतं. अशी गोष्ट वाऱ्यासारखी जाते. आणि उद्या कोणी दिलीच तर घ्यायला हात उठतील का, हेही त्यांना सांगता येत नव्हतं.

पोरं जीपमध्ये दाटीवाटीने बसली. भक्ती मांडवाच्या तोंडाशी उभी, घराकडे जावं की जीपकडे, तिला कोणी सांगत नव्हतं. तेवढ्यात बायकांतून सारजाबाई आली. ती मधेच कधी घरी गेली ते कोणाला कळलं नव्हतं. डोक्यावर भक्तीची पिशवी होती, तिच्यातून पुस्तकांचे कोपरे दिसत होते. आडवाटेने न जाता ती सगळ्या पुरुषांच्या पुढून, मांडवाच्या मधून चालत आली. अण्णांच्या समोरून गेली. अण्णांचे डोळे उघडे होते. त्यांनी पिशवी बघितली. नाम चालू राहिलं.

सारजाबाईने पिशवी जीपमध्ये ठेवली. "परीक्षा झाल्याबिगर यायचं न्हाई," लेकीला म्हणाली. "त्याच्यापुढं काय व्हईल ते मला सांगता येत न्हाई." मग मनकर्णाबाईंकडे वळली. "बाई, तुमी मलाबी अर्धंच सांगितलं व्हतं."

"व्हय माय."

"मला पुरं सांगितलं असतं तर मी झाकलं असतं," सारजाबाई म्हणाली आणि पदर ओढून निघून गेली.

मांडवातून जाणारा वीणेकऱ्याच्या पाया पडून जातो. तो कोण आहे हे बघायचं नसतं. सर म्हणाले, "मावशी, नको. चला." पण भक्ती आधीच पुढे गेली होती. तिने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. अण्णा नाम घेत राहिले. मागून एकेक करून पोरं उतरली, रांगेने वाकली. हरिओम वाकला तेव्हा तार एकदा वाजायची राहिली. सगळ्यांनी ऐकलं. मग ती परत वाजायला लागली.

सर्वांच्या मागून मनकर्णाबाई गेल्या. अण्णांचा पहारा केव्हाच संपला होता. दोन जण घ्यायला येऊन परत गेले होते, पण अण्णा कोणाला वीणा देत नव्हते. पायांच्या घोट्यांवर सूज चढली होती. मनकर्णाबाई वाकल्या.

अण्णांनी पाय मागे घेतला.

फार नाही, बोटभर. पण घेतला.

मनकर्णाबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग जिथे पाय होता तिथल्या मातीला त्यांनी हात लावला, तो कपाळाला लावला, गुडघ्यावर भार देऊन उठल्या, आणि लुगड्याला लागलेला भुसा झटकत जीपकडे चालू लागल्या.